परसातल्यांचं उद्यापन

मनापासून देवाधर्माचं करणारा असा आयुष्यात मला एकच जण भेटला, आणि तो राक्षस होता. हे मी कुणाला टोचून म्हणत नाही. आमच्या गावात कडक सोवळ्याची माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या दोघातिघांना बघून लहान मुलं रडतातही. पण मी म्हणतो तो खराखुरा राक्षस. अर्ध्या पोफळीएवढी उंची, खालच्या ओठातून वर आलेले दोन सुळे आणि कपाळावर शिंगं फुटता फुटता राहून गेल्यासारखी दोन टेंगळं. दिवेआगरच्या अलीकडे आमची वाडी आहे, तिच्या मागच्या कुंपणाला बेहड्याचं एक जुनं झाड होतं. त्या बेहड्यात ते राहायचे. 'ते' अशासाठी, की आमच्याकडे अशांचं नाव घेत नाहीत आणि त्यांच्याबद्दल एकेरी तर कुणीच बोलत नाही. माझी बायको त्यांना माघारी 'परसातले' म्हणे आणि समोर 'भावजी'.

आमची ओळख माझ्याच शहाणपणामुळे झाली. माणगावच्या हायस्कुलात मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि निवृत्त होऊन गावी आल्यावर गावाला शहाणं करायचं मनावर घेतलं. देवळाच्या सभामंडपात 'भुतं नसतात' या विषयावर भाषण ठेवलं. भाषण चांगलं रंगलं. शेवटी मी म्हटलं, "कुणाला काही शंका?" तेव्हा बाहेरून, पत्र्यावर नारळ पडावेत तशा टाळ्या आल्या, आणि मंडपाच्या कौलांवरून एक आवाज अदबीने म्हणाला, "शंका नाही, मास्तर. तुमचं अगदी बरोबर आहे. मी इतकी वर्षं शोधतोय, एकसुद्धा भूत भेटलं नाही. फार एकटं वाटतं हो." श्रोते मागच्या दाराने गेले. मी जागेवरून हललो नाही, यावरून गावात माझी छाती केवढी याबद्दल अजून बोललं जातं. खरी गोष्ट अशी, की पळायचं मी ठरवलं होतं, पण पायांनी ऐकलं नाही.

पुढे ते मोठं वादळ आलं. आमच्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या आणि बेहडा मुळासकट उपटला. सकाळी आम्ही नवराबायको नुकसान बघत वाडीत फिरत होतो, तर परसातले पडलेल्या खोडावर डोकं हातांत धरून बसलेले. बायकोने चूल पेटवली आणि बादलीभर चहा नेऊन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून घेतला, फुंकर मारली (निम्मा चहा माझ्या सदऱ्यावर आला) आणि म्हणाले, "वहिनी, साखर बेताची आहे, बरं वाटलं." त्या दिवसापासून ते गोठ्यामागे राहायला आले ते आलेच.

त्यांना सुटायचं होतं. राक्षसपणातून सुटायचं, एवढी एकच इच्छा. आता एवढं पाप केलं तरी काय होतं, म्हणून मी एकदा विचारलं. तर माणूस कधी खाल्ला नव्हता. पूर्वी एक बांगड्या विकणारा कासार बेहड्याखालून जात होता, त्याला त्यांनी वाकून वेळ विचारली होती. कासार पळाला, पेटारा पडला, बांगड्या फुटल्या. तेव्हापासून ते काचा वेचत होते आणि पाऊस झाला की एखादी नवी वर येई. "पुढल्या जन्मी काय व्हायचंय?" मी विचारलं. बराच विचार करून म्हणाले, "असं कुणीतरी, ज्याला बघून माणसं थांबतील." मी म्हटलं, "म्हणजे ट्रॅफिक पोलीस?" त्यावर ते इतके गंभीर झाले, की पुढचे आठ दिवस मला त्यांना शिट्टी कशी वाजवायची ते शिकवावं लागलं.

त्यांची भक्ती बेताबेताने चालेल अशी नव्हती. नाम मोठ्याने घेतलं की सुपाऱ्या गळतात, म्हणून ते कुजबुजत घेत, तरी ओटीवरची वर्तमानपत्रं उडून जात. नेहमीची माळ बोटात शिरेना, तेव्हा त्यांनी एकशे आठ सोललेले नारळ काथ्याच्या दोरात ओवून माळ केली. ती फिरू लागली की रस्त्यावर खडी उतरवत असल्यासारखा आवाज येई. एकदा अचानक पाहुणे आले. नारळ सोलायचा मला कंटाळा, आणि हे तर आयते सोललेले. मी हळूच एक काढून सोलकढीला दिला. संध्याकाळी परसातले काळवंडलेल्या चेहऱ्याने आले. "मास्तर, नाम एकाने कमी भरतंय. एक देवाने घेतलं नाही." दोन दिवस त्यांनी पाण्याला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप दुसरा नारळ ओवून ठेवला, तर त्यांनी आनंदाने अंगणात नाचून आमची तुळस तीन बोटं खचवली. खरं सांगायचा धीर मला झाला नाही. आपण काही बोललो नाही की गोष्ट आपोआप मिटते, असा माझा जुना समज आहे.

मांसमच्छी त्यांनी बेहड्याबरोबरच सोडली होती. शेजारी सुकट भाजायला घेतली की ते भिंतीकडे तोंड करून बसत आणि कळवळून म्हणत, "मास्तर, कुणीतरी पाप भाजतंय. फार छान वास येतोय." देवळात शिरत नसत. मागच्या बाजूला, चिंचेच्या आडोशाला उभे राहून कळसाला हात जोडत. "तुम्हाला पाय दिसतात, मला कळस दिसतो. भागतं माझं," असं म्हणत. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर मुंबईपुण्याच्या गाड्या ओल्या वाळूत रुतायच्या. भरती चढू लागली की हे जाऊन एका हाताने गाडी उचलून रस्त्यावर ठेवायचे आणि त्याबद्दल आतल्यांनी एकदा 'राम' म्हणावं एवढीच अपेक्षा ठेवायचे. पाहुणे फोनमधून मान वर न काढता "थँक्यू काका" म्हणून निघून जायचे. परसातले ते 'काका' बरोबर घेऊन दोन दिवस खुशीत असायचे. नारळ पाडायला येणाऱ्या एका गड्याची तेवढी तक्रार होती. "मास्तर, त्यान्ला आदी खाली बसवा, न्हायतर मी चढनार न्हाय. मी झाडाव आनि मानूस माझ्या तोंडासमोर उबा, बरं दिसतं काय?"

शेवटी शेजारच्या गावच्या भटजींना विचारलं. हे भटजी तरुण आहेत, स्कूटरवरून येतात, आणि कानात सदैव फोनचं बोंडूक असल्यामुळे ते देवाशी बोलताहेत, आपल्याशी की पुढच्या यजमानाशी, हे मधूनमधून विचारून घ्यावं लागतं. त्यांनी सोळा सोमवार करायला सांगितले. परसातल्यांनी नम्रपणे विचारलं, "दात मोठे असले तर सोमवार वाढतात का?" भटजी घाईत होते. "वाढतात," म्हणाले. मग परसातल्यांनी स्वतःच हिशोब करून एकशे सोळा सोमवार धरले. दोन वर्षांहून जास्त. प्रत्येक सोमवारी निर्जळी, आणि मंगळवारी बायकोने हंडाभर पेज केली तरी आधी कावळ्याला, मग गाईला, मग मला वाढायला लावून मगच खायचे.

उद्यापनाच्या सोमवारी आम्ही अंगण सारवलं, मांडव घातला, होमाची तयारी केली. परसातले पहाटेच समुद्रात बुडी मारून, एक जुनं शीड धोतरासारखं नेसून आले होते. पहिली अडचण पाटाची. ते टेकले आणि पाटाच्या फळ्या झाल्या. दुसरी अडचण अग्नीची. ते जवळ आले आणि श्वासाने होम विझला. तिसऱ्यांदा विझल्यावर भटजी म्हणाले, "असं करू. मास्तर, त्यांच्या वतीने तुम्ही बसा. प्रतिनिधी चालतो." मी सोवळं नेसून बसलो. परसातले मांडवाबाहेर गुडघ्यांवर बसले, डोळे मिटले, हात जोडले. भटजींनी माझ्या हातावर पळीभर पाणी घातलं, मधेच कानातल्याला "हो हो, अकरापर्यंत पोचतो" म्हणाले आणि मला म्हणाले, "हं, नाव-गोत्र?"

आता बघा, जन्मभर हा प्रश्न कानावर आला की तोंडातून एकच उत्तर निघालेलं. गणपतीला तेच, वास्तुशांतीला तेच. मी डोळे मिटून भक्तिभावाने माझं गोत्र सांगितलं, माझं नाव सांगितलं, वर 'सहकुटुंब सहपरिवार' हेही ठणकावून सांगितलं, आणि पाणी सोडलं. पूर्णाहुती झाली, घंटा वाजली. परसातल्यांनी एक डोळा उघडून आपल्या हाताकडे बघितलं. हात तेवढाच होता, नखंही तेवढीच. आणि इकडे मी उठायला गेलो तो उठतच राहिलो. जमिनीपासून चांगला चार बोटं वर.

तुम्हाला वाटेल मी लगेच ओरडलो असेन. छे. वीस वर्षं दुखणारे गुडघे एका क्षणात दुखायचे थांबले होते. अंगाला चंदनाचा वास येत होता. कुत्री माझ्याकडे बघून भुंकायची थांबली होती. अशा वेळी चूक कबूल करायला माणूस फार मोठा लागतो. मी नुसताच वर होतो. दुसऱ्या दिवशी तर चांगला अडीच हात चढलो. लोक पाया पडायला येऊ लागले, आणि पाय आयते छातीशी येत असल्यामुळे म्हाताऱ्यांची तर फारच सोय झाली. बायको तेवढी बधली नाही. "आलाच आहात वर, तर पंख्याची जळमटं काढा," म्हणाली. मी काढली. चार दिवस मी हे सुख भोगलं, आणि परसातले चार दिवस गोठ्यामागे बसून होते.

पाचव्या दिवशी ते अंगणात आले. माळ गळ्यात, चेहरा धुतलेला. म्हणाले, "मास्तर, तुमची चांगली सोय झाली, आनंद वाटला. माझंच काही राहिलं असणार. पेज खाताना एकदोनदा सुकट मनात आली होती. येत्या सोमवारपासून पुन्हा पहिल्यापासून धरतो." आणि मला, म्हणजे तरंगणाऱ्या मला, त्यांनी वाकून नमस्कार केला.

तिथे माझ्याने राहवलं नाही. मी वरूनच सगळं सांगितलं. नाव, गोत्र, सहकुटुंब सहपरिवार, सोलकढीचा नारळसुद्धा. ऐकून त्यांनी माझे अधांतरी पाय नीट बघितले. मग विचारलं, "गुडघे आता अगदी दुखत नाहीत?" मी म्हटलं, "अगदी नाही." "मग राहू द्या तुमच्याकडेच. मला सोमवारांची सवय आहे."

"राहू द्या काय, भावजी!" बायको स्वयंपाकघरातून तशीच बाहेर आली. "आणि अहो, तुम्ही! दुसऱ्याचं पुण्य अंगावर घालून चार दिवस गावभर मिरवलात? लाज कशी नाही वाटली? आत्ताच्या आत्ता भटजींना फोन करा."

भटजी आले. पहिल्यांदाच त्यांनी कानातलं बोंडूक काढून खिशात टाकलं. म्हणाले, "पुण्य दान करता येतं. उदक सोडा. पण या खेपेला नाव नीट सांगा. कुणाच्या नावाने?"

सगळ्यांनी परसातल्यांकडे बघितलं. ते ओशाळले. "पुष्कळ दिवस मला वाटायचं, माझं नाव 'अगं आई गं' आहे. जो बघेल तो तेच म्हणायचा. नंतर कळलं."

"बरं, गोत्र?"

"ते कुणी म्हणालंच नाही."

भटजी म्हणाले, "गोत्र माहीत नसलं की काश्यप सांगतात. आणि तुमच्या बाबतीत ते खोटंही नाही. देव काय, दैत्य काय, सगळी कश्यपाचीच मुलं. आया वेगळ्या."

"म्हणजे देव माझे..."

"सावत्र भाऊ."

परसातले मटकन खाली बसले. मांडवाचा एक खांब गेला, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. देवळाकडे बघत हळूच म्हणाले, "मग मी एवढी वर्षं बाहेर का उभा होतो?"

भटजींनी ताम्हन पुसायला घेतलं. बायको मात्र पोफळीला लावायची शिडी घेऊन आली. म्हणाली, "नाव नाही म्हणून काय झालं, ठेवूया. सोमवार केलेत ना? सदाशिव." जवळच्या पोफळीला शिडी लावून ती त्यांच्या कानाशी चढली आणि बारशाला करतात तसं तोंडाशी हात धरून तिने त्यांच्या कानात "कुर्रर्र" केलं, नाव सांगितलं. एवढा मोठा राक्षस, पण गुदगुल्या झाल्यासारखा हसला. आजूबाजूच्या चार वाड्यांतल्या सुपाऱ्या गळाल्या असतील.

"सोडा पाणी," भटजी म्हणाले. मी काश्यप गोत्र सांगितलं, सदाशिव हे नाव सांगितलं. जीभ एकदा सवयीने वळत होती, तिला दातांखाली धरली. तळहातावरून पाणी ताम्हनात पडलं, माझे पाय जमिनीला टेकले आणि दोन्ही गुडघ्यांतून जुनी ओळखीची कळ गेली.

परसातल्यांचे सुळे आधी पुसट झाले, मग टेंगळं. ते जरा घाबरले होते. "मास्तर, कुणी विचारलं तर सांगाल ना, त्रास नव्हता म्हणून?" मी आयुष्यभर पोरांना बोलून दमवलं, पण त्या वेळी मला एवढंच सुचलं, "सांभाळून जा." एसटीत बसणाऱ्याला म्हणतो तसं. त्यांनी मान हलवली, आणि कापूर जळून जावा तसे ते गेले. मागे काही उरलं नाही.

भटजी ताम्हन घेऊन उभे होते. बायको अजून शिडीच्या वरच्या पायरीवर होती, समोर मोकळी हवा, आणि तोंडाशी धरलेला तिचा हात तसाच. मी लंगडत गेलो आणि खालून शिडी धरली. तिला हवा तेवढा वेळ मी ती धरून उभा राहिलो.