खंडोबाचा डोंगर आणि गुळाच्या ढेपा

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण ऐकताना कुणी माझ्या पोटाकडे बघायचं नाही, एवढं आधी कबूल करा. कारण मी जो घोटाळा करून बसलो, त्याच्या मुळाशी हेच पोट आहे.

बीडला माझं पाइप-फिटिंगचं दुकान. दिवसभर खुर्चीत बसायचं, गिऱ्हाइकाला चहा पाजायचा आणि त्याच्यासोबत आपणही प्यायचा. परिणाम काय होणार? डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आलीय, गोड बंद करा आणि चाला. घरी येऊन बायकोला मी सांगितलं, सगळं नॉर्मल आहे. खरं सांगितलं असतं तर शिरा बंद झाला असता ना!

पण चालायला मात्र लागलो. सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये शिरलो. ग्रुपचा म्होरक्या सलीमभाई, टायरवाला, माणूस एकदम शिस्तीचा. त्याने सगळ्यांना पिवळे टी-शर्ट वाटले आणि आपापलं वजन ग्रुपवर टाकायला लावलं. मी पंच्याऐंशी टाकलं. ते नेमकं कधीचं, असं विचारू नका. लग्नाच्या आसपासचं असेल.

आता सासुरवाडीकडे या. शिरूर कासारच्या पुढे, डोंगराच्या अगदी पायथ्याला. तिथे एका पंगतीत जेवण झालं आणि मला उठता येईना. दोघांनी हाताला धरून ओढलं. माझा मेहुणा अंकुश अगदी शांतपणे म्हणाला, "दाजी, तुमी आता खंडोबाला जीपनंच जात जा."

अख्खी पंगत हसली. हसू द्या, पण बायकोही हसली! मग मी काय ऐकतो? तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं: येत्या रविवारी समोरच्या पायवाटेने खंडोबाचा डोंगर चढणार, आणि वाटेत कुठेही बसणार नाही. ग्रुपवरही टाकलं. म्हणजे आता चढलो नाही तर सासुरवाडीत नाक नाही आणि बीडमध्येही नाही.

त्या डोंगराला मागच्या बाजूने घाटरस्ता आहे. जीप थेट देवळापाशी जाते. समोरची पायवाट म्हणजे उभी भिंत. तिच्यावरून हल्ली नवस फेडणाऱ्यांशिवाय कुणी जात नाही. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. जावई आहे मी तिथला. पण डोक्यात फक्त फिटनेस होता हो!

मोबाइलवर एक व्हिडिओ बघून तयारी केली होती. चढताना तोंड बंद, श्वास फक्त नाकाने, बोलायचं अजिबात नाही. रविवारी सकाळी पिवळा टी-शर्ट घातला, कोरे करकरीत बूट चढवले आणि निघालो. काय तो उत्साह! पहिल्या चढावर वाटलं, उगाच इतकी वर्षं खुर्चीत घालवली. दुसऱ्या चढावर बूट चावायला लागले. तिसऱ्यावर मी ते काढून एका बाभळीखाली ठेवले आणि अनवाणीच पुढे निघालो.

थोडं वर एक मेंढपाळ भेटला. त्याने मला खालून वरपर्यंत पाहिलं. "पावणं, गाडीरस्ता तिकडून हाय की. पायी कावून?"

आता बोललो तर श्वास तुटणार. मी तोंडावर बोट ठेवलं आणि हात जोडले.

माणसाचा चेहराच बदलला. का नाही बदलणार? पिवळे कपडे, अनवाणी पाय, तोंडाला कुलूप आणि नवसाची वाट! त्याने मेंढरं सोडली, खिशातली भंडाऱ्याची पुडी काढली, माझं कपाळ हळदीने माखलं आणि सरळ पाया पडला. म्हणाला, "मौनाचा नवस लई अवघड. घरात काही तरी मोठं संकट असल."

एक शब्द बोललो असतो तर तिथेच सगळं मिटलं असतं. नाही बोललो. एक तर श्वासाचा प्रश्न, आणि दुसरं म्हणजे, तुमच्यापासून काय लपवायचं, त्या गावात आजवर माझ्या कुणी पाया पडलं नव्हतं. बरं वाटलं. मी मान डोलावली. तीच ती मान! मी पुढे सरकलो आणि त्याने खाली गावात फोन लावला.

पुढे एक छोटी वस्ती लागली. एक म्हातारी दारात नारळ घेऊन वाट बघत उभीच होती, म्हणजे बातमी माझ्यापेक्षा वेगाने चढत होती. म्हणाली, "बाबा, आमी उद्या ऊस तोडायला चाललो. माझं गुडघं न्हाई चालत. येवढा माझा बी नारळ देवापुढं फोडा." तिला नाही कसं म्हणायचं? घेतला. ते बघून शेजारणीने दिला, मग तिच्या जावेने. टी-शर्टचा ओचा करून पोटावर नारळ सांभाळत मी चढत होतो. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं, इथे वाढतच चाललं होतं.

पण चढलो! कुठेही बसलो नाही. शेवटच्या टप्प्याला मांड्या थरथरत होत्या, घाम डोळ्यांत जात होता, आणि अचानक वाट संपली. समोर देऊळ, खाली सगळं गाव, शेतं, तळं. वारा असा सुटला होता की काय सांगू! मला रडू आलं, खरंच सांगतो. सगळ्यात आधी म्हातारीचा नारळ फोडला, मग बाकीचे. आणि फोटो काढून अंकुशला पाठवला. आता हस म्हणावं!

लगेच फोन आला. अंकुश हसत नव्हता. "दाजी, जीप पाठवलीय. लगेच खाली या. ताई रडून रडून बेजार हाय."

जीपमध्ये डोक्यात एकच प्रश्न. कुणाला काय झालं? खाली आलो तर मारुतीच्या पारावर अर्धं गाव जमलेलं आणि मधोमध माझी बायको शोभा, डोळे लाल. मला बघताच तिने माझा हात घट्ट धरला.

"अहो, डाक्टर काय म्हणले ते खरं सांगा. पंगतीत बोललात ते नुसतं निमित्त. तुमी कधी चार पायऱ्या चढत न्हाईत, अन मौन धरून अनवाणी डोंगर चढलात. असा नवस माणूस कवा करतो, मला कळतंय."

मग काय, सगळ्या गावासमोर ओकावं लागलं. नवस नाही, मौन नाही, बूट चावले, व्हिडिओत सांगितलं होतं, साखर काठावर आहे, बाकी धडधाकट आहे. ऐकता ऐकता तिचा हात सैल पडला. ती ढसाढसा रडली, मग हसली. इतकी घाबरली होती बिचारी माझ्यासाठी, मला स्वतःची लाज वाटली. म्हटलं, चल, झालं गेलं, घरी जाऊ.

"घरी कसं जाता? मी देवाला बोलून बसले," ती म्हणाली. "माझा माणूस धड खाली उतरू दे, त्याच्या वजनाचा गूळ गावात वाटीन."

वजनाचा! भरगावात!

देवाला दिलेला शब्द, कोण मोडणार? भुसार दुकानातून जुनी तागडी आली आणि पारावरच्या कडुलिंबाला टांगली. मी एका पारड्यात, समोरच्यात ढेपा. अंकुशने माझाच मोबाइल घेऊन आमच्या ग्रुपला व्हिडिओ कॉल लावला. दाजींचा पराक्रम दिसायला नको का? मी गुपचूप खिशातलं पाकीट काढलं, घड्याळ काढलं, पट्टाही काढला.

पंच्याऐंशी किलो गूळ झाला. माझं पारडं जमिनीला टेकलेलंच. मोबाइलमधून सलीमभाईचा आवाज आला, "भाई, ग्रुपपे तो पंच्याऐंशी लिखे थे ना?"

आणखी एक ढेप पडली. मग आणखी एक. अंकुश गंभीरपणे म्हणाला, "दाजी, डोंगर चढलात, आता जरा तागडीत बी वर या."

आणि दुकानातला गूळ संपला.

दुकानदार डोकं खाजवत म्हणाला, साखरेचं पोतं हाय, ते ठेवू का? गावकऱ्यांना पटलं. पण शोभा ठामपणे पुढे आली.

"साखर नको," ती म्हणाली. "डाक्टरनं त्यांना साखर बंद केलीय."

मग शेजारच्या गावाहून गूळ आणायला जीप गेली. ती परत येईपर्यंत मी तसाच तागडीत बसून होतो, सगळ्या गावासमोर, पोट आत ओढून.