डोंगरावरचा टँकर

टेलरमास्तरांना टँकर हे नाव त्यांच्या मेहुण्याने ठेवलं. दर रविवारी सकाळी तिघे गिअरच्या सायकली काढून गावामागचा डोंगर चढायचे. पुढे मेहुणा, मध्ये दातांचे डॉक्टर आणि सगळ्यात मागे घामाने निथळणारे मास्तर, पाठीवर तिघांचं पाणी, पंप, ट्यूबा, पाने आणि चेनच्या जादा कड्या घेऊन. टँकर उशिरा येतो, पण सगळे वाट त्याचीच बघतात, असं मेहुणा म्हणायचा.

हे ओझं कुणी मास्तरांच्या गळ्यात मारलं नव्हतं. त्यांनीच ते मागून घेतलं होतं आणि त्यात शुद्ध कावा होता. अकरा वर्षांपूर्वी ते इतके मागे पडायचे, की हे दोघे आपल्याला एक दिवस वगळणार याची त्यांना धास्ती बसली. आठवडाभर मशीनवर मान मोडून बसणाऱ्या माणसाला तेवढा एकच रविवार! मग त्यांनी डोकं लढवलं. ज्याच्याकडे पाणी, त्याला सोडून कोण जाईल? तेव्हापासून ते माथ्यावर पोचायचे तेव्हा दोघे सपाट खडकावर जिभा बाहेर काढून बसलेले असायचे. घटाघटा पाणी प्यायचे आणि डॉक्टर म्हणायचे, "मास्तर, जीव वाचवलात!" एवढं ऐकलं की मास्तर खूश.

पण शेवटी पाठ ती पाठच. एकदा गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वाकलेल्या मास्तरांना सरळच होता येईना. बायकोने तडक भावाला फोन लावला. संध्याकाळी दोघे दुकानात हजर.

"भाऊजी, आता ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर," मेहुणा म्हणाला. "तीन सॅक शिवा. आत पाण्याची रबरी पिशवी, नळी खांद्यावरून थेट तोंडाशी."

म्हणजे आपल्याच हाताने आपला पत्ता कापायचा! त्या दोघांच्या पिशव्या गळक्याच ठेवाव्यात, असंही मास्तरांच्या मनात येऊन गेलं. पण हात ऐकेना. पाणी पाठीला चिकटून, हत्यारं खाली कमरेशी, असं झकास काम उतरलं.

"अहो, तोंड का पाडलंय?" बायकोने विचारलं.

"सुई टोचली," मास्तर म्हणाले.

रविवारी दुसऱ्याच वळणावर त्यांना डॉक्टरांची पाठ दिसली.

"चेन पडली का हो?"

"चेन नाही, मीच पडतोय!" डॉक्टर नळी चोखत म्हणाले.

पुढे मेहुणा सायकल ढकलत चालला होता. मास्तर त्याच्याही पुढे गेले. अकरा वर्षं तिघांचं ओझं वाहिलेल्या पायांना आज कामच उरलं नव्हतं. त्या चढावर ते एकटेच मोठमोठ्याने हसत सुटले.

माथ्यावरचा खडक त्यांनी पहिल्यांदाच रिकामा पाहिला. इतकी शांतता होती की खडकामागून बारीक झुळझुळ ऐकू आली. जाऊन बघतात तर झरा. शेजारच्या फांदीला दोन पेले टांगलेले. एकावर डॉक्टरांच्या दवाखान्याचं नाव आणि दुसरा लाल, ज्याच्यासाठी बायकोने दहा वर्षांपूर्वी अख्खं घर पालथं घातलं होतं.

 म्हणजे दर रविवारी हे लबाड इथे पोटभर गार पाणी पिऊन, मग जिभा बाहेर काढून आपल्यासाठी थांबत होते. वर आपलं कोमट पाणीही ढोसत होते. त्यांचे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना.

खालून धापा ऐकू आल्या. मास्तरांनी घाईने तोंड पुसलं आणि खडकावर येऊन बसले. दोघांच्या पिशव्या अर्ध्या वाटेतच रिकाम्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी एकदा खडकामागे चोरून पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि मुकाट्याने बसकण मारली.

"भाऊजी, आज खरंच जीव चाललाय," मेहुणा म्हणाला.

मास्तरांनी स्वतःची नळी त्याच्या तोंडाशी धरली. सबंध चढात त्यांनी तिला तोंड लावलं नव्हतं.

"पी," ते म्हणाले. "टँकर कधीचा येऊन थांबलाय."