काकूंच्या नावापुढचा आकडा

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता सांगायला कोणी उरलं नाही... पहिला विचार हाच आला, आणि त्याचीच लाज वाटून हे लिहितो आहे. पंचावन्न वर्षं मी ही गोष्ट टाळली.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मुलुंडला आमच्या चाळीजवळच्या डॉक्टरांनी दर रविवारी शाळेच्या एका वर्गात रक्तदाब तपासायला सुरुवात केली होती. छातीत कळ आल्यावरच लोक दवाखान्यात येतात, त्याआधीच त्यांना गाठायचं, हा त्यांचा ध्यास. यंत्राचा पारा वाचायला त्यांनी मला शिकवलं. ज्यांचा दाब जास्त निघे त्यांना नर्सबाई गुरुवारी बोलवत आणि मीठ, पापड, लोणचं कमी करून कसं जेवायचं ते समजावत. बायकांना तपासायचं कामही त्यांचंच. एका रविवारी त्या आल्या नाहीत. डॉक्टरांनाही कुठेसं जावं लागलं. "बायकांचे रकाने कोरे ठेव," एवढं सांगून ते गेले. रांगेत पुढे शेजारच्या वसंताची आई, आमच्या काकू. मी पट्टा उचलला तशा म्हणाल्या, "मेल्या, लहानपणी तुला न्हाऊ घातलंय मी, आणि आता तू माझा दंड आवळणार? लिही काहीतरी चांगलं." बायका हसल्या, उठून गेल्या. अकरा नावांपुढे काही नाही. आपल्यालाही जमतं हे दाखवायला, डॉक्टर परत यायच्या आत मी ते सगळे रकाने भरले. खरे वाटावेत म्हणून कुठे १३२, कुठे १२६. काकूंपुढे १२४. त्या डोकं ठणकतं म्हणून फडकं बांधून स्वयंपाक करायच्या, हे रोज पाहत असूनही. "बायका तयार झाल्या? शाबास," डॉक्टर म्हणाले.

दोन महिन्यांनी एका सकाळी काकू चुलीपाशी कोसळल्या. डॉक्टर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांनी तपासणीची वही मागवली; मीच नेऊन दिली. "प्रेशर तर उत्तम होतं," ते म्हणाले. "वसंत, काही धक्का बसला होता का यांना?"

वसंता दाराला टेकून उभा होता. "भांडलो आम्ही सकाळी. नलूशीच लग्न करणार म्हणालो मी."

 चाळीत लगेच कुजबुज सुरू झाली, पोरानेच आईचा जीव घेतला. मी मात्र वही मिटून बगलेत धरली आणि खाली बघत राहिलो.

वसंताने नलूला नकार कळवला. पुढे कोणाशीच लग्न केलं नाही. आम्ही रोज भेटायचो. मधूनच तो म्हणायचा, "ठणठणीत होती रे ती. मीच मारलं तिला." मी म्हणायचो, "असं बोलू नये." काकूंचा दाब खरा किती होता, मला आजही माहीत नाही. कदाचित १२४च असेल. पण तो कोणालाच माहीत नव्हता, एवढं तरी वसंताला कळायला हवं होतं...

शेवटचा भेटलो तेव्हा तो पुतण्याच्या घरी अंथरुणाला खिळलेला होता. या वेळी सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. पुतण्या आत गेल्यावर खुर्ची जवळ ओढली. "वसंता, काकूंचं प्रेशर मी त्या दिवशी..."

त्याने माझा हात धरला. "तू तर नीट तपासलं होतंस रे तिला. तुझ्याकडून काही राहिलं नाही."

मी "हो" म्हणालो.