बोर्ड कोरा दिसता कामा नये

चंद्रहास टिळेकरांचे हात गार पडले ते ट्रक उलटल्याचं कळलं तेव्हा नव्हे. बायको, विभा, त्याच रस्त्यावर आहे हे आठवलं तेव्हा.

२०१४ सालच्या जानेवारीतली सकाळ. नऊ वाजून गेले होते, पण लखनौवर धुकं असं बसलं होतं की आलमबागच्या कंट्रोल रूममधून समोरचा चहावाला दिसतच नव्हता. नुसता त्याच्या स्टोव्हचा आवाज येत होता. फोनवर रामसजीवन होता, बोर्डांच्या देखभालीसाठी दिवसभर कानपूर रोडवर फिरणारा.

"साहब, अमौसी से पहले गन्ने का ट्रॉला पलट गया है. पूरी सड़क घेरे पड़ा है. दो गाड़ियाँ तो भिड़ भी गईं."

टिळेकरांनी झटकन संदेश टाइप केला. दोन किलोमीटर अलीकडच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर पिवळी अक्षरं उमटली : 'आगे दुर्घटना, रुकें.' मग ते बोर्डाच्या खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बघत बसले. पडद्यावर राखाडी धुकं, आणि त्यात बोर्डाखालून पुढे जाणाऱ्या गाड्यांचे मिणमिणते मागचे दिवे. एक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. ब्रेकचा भडक लाल दिवा एकीचाही लागला नाही.

का लागावा? सरकारी कारखान्यातून लवकर निवृत्त होऊन ते रस्त्यावरचे हे बोर्ड चालवणाऱ्या कंपनीत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं होतं, बोर्ड कोरा दिसता कामा नये. कोरा बोर्ड म्हणजे बंद बोर्ड, आणि बंद बोर्ड म्हणजे वरून चौकशी. सांगायला काही नसलं की टिळेकर जुनाच संदेश राहू देत. त्यामुळे तीन वर्षं, उन्हापावसात, त्या बोर्डावर 'आगे कोहरा है, धीरे चलें' झळकत होतं. विभा एकदा मे महिन्यात बाजारातून घामाघूम होऊन आली आणि पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, "आज तुमचं धुकं वाचून आले हो. फारच गारवा वाटला." तेव्हा दोघंही पोट धरून हसले होते.

आज ती पावणेनऊला इंदिरा नगरहून निघाली होती. पुण्याहून लेक मुक्ता येणार, तिला अमौसीच्या विमानतळावरून आणायला. टिळेकरांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तो मागच्या सीटवरच्या पर्समध्ये असणार हे त्यांना ठाऊक होतं. गाडी चालवताना फोन हाताच्या अंतरावर नको, हा नियम त्यांनीच घातला होता, आणि बायकोने तो एकदाही मोडला नव्हता. आज तिने तो मोडावा म्हणून ते मनोमन विनवत होते.

चौथी गाडी गेली. पाचवी.

आणि काय आठवावं त्यांना? मराठी मंडळाच्या गणपतीतलं नाटक. तरुणपणी दिव्यांचं काम त्यांच्याकडे असायचं. एका वर्षी प्रेक्षागृहात नुसता बाजार भरला होता. बायका आमटीच्या गप्पा मारताहेत, पोरं खुर्च्यांमधून पळताहेत, आणि नायिका बिचारी रंगमंचावर घसा फोडून मरते आहे. टिळेकरांनी एकाएकी सगळे दिवे घालवले. दोन श्वासांत प्रेक्षागृह असं चिडीचूप झालं, की विंगेतल्या प्रॉम्प्टरची धाप ऐकू आली.

त्यांचं बोट बोर्ड कोरा करण्याच्या बटणावर गेलं.

"टिलेकर जी, बोर्ड काला मत कीजिए," शेजारच्या खुर्चीतले मिश्राजी दचकून म्हणाले. "ऊपर से पूछेंगे."

"पूछने दीजिए."

बोर्ड काळा झाला. तीन आकडे मोजून त्यांनी तो पेटवला. पुन्हा काळा. पुन्हा लख्ख. धुक्यात तो पिवळा उजेड धपापत राहिला. टिळेकरांची मोजणी चुकत नव्हती. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन.

पडद्यावर एक लाल ठिपका भडकला. मग त्याच्या मागे दुसरा. मग अख्खी ओळ.

ते थांबले नाहीत. विभा त्या ओळीत आहे की आधीच पुढे गेली, हे पडद्यावरून कळत नव्हतं. वीस मिनिटं ते बटण दाबत राहिले आणि मिश्राजी टिळेकरांच्या फोनवरून विभाचा नंबर लावत राहिले.

शेवटी फोन तिकडूनच आला.

"सतरा मिस्ड कॉल? अहो, झालंय काय? मी तुमच्या बोर्डाखाली उभी आहे, पुढे सगळं ठप्प. आणि बोर्ड बिघडलाय तुमचा, सारखा चालू-बंद होतोय. कधी नव्हे तो विझलेला दिसला म्हणून मी ब्रेक मारला."

"बघितलास ना?" त्यांनी विचारलं.

चौकशी झालीच. टिळेकरांनी लेखी उत्तरात दोनच ओळी लिहिल्या : सांगण्यासारखं काही नसेल त्या दिवशी बोर्ड काळा राहील. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर येऊन बसावं.

कोणी आलं नाही. उघड्या, स्वच्छ दिवशी तो बोर्ड मग काळाच राहू लागला. आणि ज्या सकाळी त्यावर अक्षरं उमटवावी लागत, त्या सकाळी पहिला लाल ठिपका दिसेपर्यंत टिळेकर हात काखेत धरून पडद्यासमोर उभे राहत. चहा तसाच निवून जाई.