धामणीचा दांडा

उद्धव उदगीरकर सरांनी लातूरच्या क्लासमध्ये एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं. त्यांची पोरं गावोगावी डॉक्टर झाली. स्वतःचा मुलगा राघवेंद्र इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेला. पत्नी सौदामिनी गेल्याला तीन वर्षं झाली होती. त्यात सर निवृत्त झाले, आणि घरात बोलायला टीव्हीतल्या माणसांशिवाय कुणी उरलं नाही.

मागच्या खेपेला राघवेंद्रने गोल्फच्या काठ्या आणल्या होत्या. जाताना सामानाचं वजन जास्त भरलं म्हणून एक काठी आणि मूठभर चेंडू इथंच राहिले. काठीला खाली लोखंडी पातं, वर स्टीलचा दांडा. दिवाळीत त्याचा फोन आला.

"डिसेंबरात येतोय बाबा. लातूरला एक सकाळ, मग दोन दिवस हैदराबाद. मित्रांबरोबर गोल्फ."

"मी पण शिकतो की. काठी आहे तुझी."

तो हसला. "तिथं तळ्यावरून चेंडू न्यावा लागतो. शंभर पावलं गेला ना, तर तुम्हालाही नेतो."

पोराबरोबर दोन दिवस! सरांनी तो शब्द घट्ट धरला.

गावाबाहेरचा पाझर तलाव त्या वर्षीच्या दुष्काळात ठणठणीत कोरडा होता. सर रोज उजाडताच काठावर उभे राहून चेंडू मारायचे. चेंडू बुटका उडायचा, उजवीकडे कलायचा आणि साठ-पासष्ट पावलांवर भेगाळलेल्या तळात पडायचा. मग सर खाली उतरून एकेक चेंडू शोधायचे. 'अजून जोर लावा,' असं एकतीस वर्षं पोरांना सांगितलेलं, तेच आता स्वतःला सांगायचे. पंधरा दिवसांत उजवा खांदा सुजला, चेंडू तिथंच.

दांडा हलका पडतोय, असं त्यांनी ठरवलं. गंजगोलाईच्या मागे भागवत मिस्त्री कुऱ्हाडी-कुदळींना दांडे बसवायचा. सर त्याच्याकडे गेले.

"याला जाड, कडक दांडा बसव. अजिबात वाकायला नको."

भागवतची एक रीत होती. माणूस अवजार कसं चालवतो ते बघितल्याशिवाय तो दांड्याला हात लावायचा नाही. "आधी मारून दावा, सर."

सरांनी हवेतच काठी फिरवली. भागवतने ती हातात घेतली, गुडघ्यावर दाबली.

"ह्यो दांडा तुमचा न्हाई. जवान गड्याचा हाय. खांद्याला काय झालंय?"

"जुनं आहे. किल्लारीच्या भूकंपातलं."

भागवतने मान हलवली. लातुरात यापुढं कुणी विचारत नाही.

"हात सावकाश फिरतो तुमचा. एवढ्यानं ह्यो दांडा लवतच न्हाई, मग उसळी कुठून देईल? म्हाताऱ्या माणसाच्या कुऱ्हाडीला मी किनवटची धामण घालतो. लई चिवट लाकूड. लवतं अन् परत येतं."

त्याने धामणीच्या तीन कांबी काढल्या. पहिली लवलीच नाही, फिरवताना हाताला काहीच कळलं नाही. तिसरी इतकी लवली, की सरांचे हात पुढं निघून गेले आणि टोक मागून आलं.

"ही लई नरम. हिनं चेंडू कुठं बी जाईल," भागवत म्हणाला.

मधली मात्र मागे लवली, आणि हात खाली येताच बरोबर त्या क्षणी सरळ झाली. सर हरखले. "अरे, स्प्रिंग आहे ही! चेंडूपाशी पोचताना सुटली पाहिजे. आधी नाही, नंतर नाही!"

"आता कसं! मास्तर असून इतके दिवस कडक दांडा धरून बसलाव."

त्याने पातं भट्टीत तापवून सोडवलं आणि धामणीवर चढवलं. काढलेला स्टीलचा दांडा सरांच्या हातात दिला. "ठेवा. ज्याचा हाय त्याला लागंल."

आठव्या दिवशी चेंडू उंच गेला, तलाव ओलांडून पलीकडच्या बाभळीजवळ पडला. सरांनी मागे वळून पाहिलं. मागे मोकळं रान होतं.

डिसेंबरात राघवेंद्र आला. सर त्याला तलावावर घेऊन गेले. भाड्याची गाडी रस्त्यावर उभी होती. सरांनी पाय रोवले, सावकाश काठी उचलली. चेंडू पलीकडे गेला.

"बाबा! कमाल!" राघवेंद्रने काठी ओढूनच घेतली आणि सपकन मारली. त्याच्या वेगाला धामण भलतीच लवली. चेंडू डावीकडे काठावरच्या काटेरी झुडपात. "मला नाही जमत बुवा हिनं."

"तुझा दांडा घरी जपून ठेवलाय. आणि हैदराबादसाठी मी बॅग भरलीये."

राघवेंद्रने काठी त्यांच्या हातात परत दिली. "बाबा, मी गमतीनं म्हणालो होतो. तिथं एका वेळी चौघंच खेळतात. आमचे चौघं ठरलेत."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. राघवेंद्र पाया पडला. "पुढच्या वेळी नक्की," म्हणत गेला.

गाडीची धूळ खाली बसेपर्यंत सर उभे राहिले. मग काठी खांद्याला लावून तळात उतरले. आज गोळा करायला खाली एकही चेंडू नव्हता. पलीकडच्या काठापर्यंत एकशे बारा पावलं भरली.

चेंडू बाभळीखालीच होता. सरांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला, तिथंच मातीवर ठेवला आणि घराच्या दिशेनं तोंड करून पाय रोवले.