तात्कालिक कारण

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. रुग्णालयाच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये तारीखबाई शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून त्या दिवशी तपासणीला येणाऱ्यांच्या फायली काढत होती. सातच्या आत बासष्ट फायली वर जायला हव्या होत्या. हात फायलींवर होते आणि तोंडाने भलतंच चाललं होतं. "अठ्ठावीस जून एकोणीसशे चौदा, राजपुत्राचा खून. अठ्ठावीस जुलै, युद्धाची घोषणा. एक ऑगस्ट..."

फायली न्यायला आलेल्या सिस्टर दारातच थांबल्या. "बाई, युद्ध पेटवून झालं असेल तर हाडांच्या डॉक्टरांच्या फायली द्या."

"डाव्या हाताला ठेवल्यात. वरची त्या काठीवाल्या आजोबांची. मागच्या वेळी बारा मार्चला आले होते."

"एवढं लक्षात राहतं तुमच्या, आणि इतिहासात नापास होता? मला तर कोडंच आहे."

कोडं तिलाही होतं.

तारीखबाई हे नाव तिला रुग्णालयाने दिलं. कोण कधी दाखल झालं, कोणाचे टाके कधी काढले, हे ती फाईल न उघडता सांगायची. वय त्रेचाळीस, हुद्दा मदतनीस. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सतरा वर्षांच्या नोकरीत गेली चौदा वर्षं ती क्लार्कचंच काम करत होती, कारण ज्यांचं ते काम होतं त्या क्लार्कना तळघरातल्या धुळीने खोकला येई. ते क्लार्क जूनअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेसाठी दोनच अटी होत्या: शालान्त परीक्षा पास आणि वय चव्वेचाळीसच्या आत. बाकीचे सगळे विषय तिने एका फटक्यात सोडवले होते. इतिहासात दोनदा आपटली. ही तिसरी वेळ, आणि वयाच्या अटीने शेवटची.

तिचा मोठा भाऊ इतिहासाचाच शिक्षक. एकवीस वर्षं तोच विषय, त्याच वह्या. पहिल्या वेळी तिने त्याच्याकडूनच वह्या आणल्या होत्या. "रोज दोनदा वाचायचं," त्याने सांगितलं होतं. "तिसऱ्या वाचनाला आपोआप डोक्यात बसतं." तिने सहा वेळा वाचलं. महत्त्वाचं पिवळ्या पेनाने रंगवलं, आणि सगळंच महत्त्वाचं वाटल्यामुळे वही हळदीसारखी झाली. पहिला निकाल लागला तेव्हा भाऊ म्हणाला, "इतिहासाला आकलन लागतं गं." दुसरा लागला तेव्हा म्हणाला, "नोकरी आहे ना? मग कशाला जिवाला घोर लावून घेतेस?"

मुलगी वीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, जिभेची तिखट. ती म्हणाली, "मामाला विचारून काय होणार? ज्याने नापास केलं त्यालाच विचारू." तिने अर्ज करून उत्तरपत्रिकेची प्रत मागवली.

प्रश्न होता, पहिलं महायुद्ध का झालं? तारीखबाईने दीड पान लिहिलं होतं. एकोणीस तारखा, एकोणीसच्या एकोणीस बरोबर. दहापैकी दोन गुण. खाली लाल शाईत एक ओळ होती: घटनाक्रम अचूक, प्रश्न 'का' असा आहे.

"सगळं बरोबर, आणि दोन मार्क?" तिचा आवाज चढला.

"आई, तू फाईल लावलीस. उत्तर दिलं नाहीस."

हे खरं होतं. रेकॉर्ड रूममध्ये माणसाचा पाय का मोडला हे कोणी विचारत नाही. जुन्या कागदावर नवा कागद, तारीखवार, दोरा ओवला की काम संपलं. सतरा वर्षं हाताला लागलेलं वळण तिच्या पेनातही उतरलं होतं.

त्या दिवसापासून अभ्यास मुलीच्या हातात गेला. ड्यूटी तीनला संपायची, साडेचारला स्वयंपाकघराच्या टेबलावर बसायचं. पहिला नियम, पुस्तक मिटायचं. कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने भरायचं. पहिल्या आठवड्यात कागदावर निळ्यापेक्षा लालच जास्त होतं. दुसरा नियम, तारीख लिहिली की पुढचं वाक्य 'कारण'ने किंवा 'म्हणून'ने सुरू करायचं. ते जमलं नाही तर तारीख खोडायची. तारखा खोडताना तिला पोटचं काही टाकून दिल्यासारखं व्हायचं. मुलगी मोबाईलवर चाळीस मिनिटांची घंटा लावायची आणि जुनी प्रश्नपत्रिका पुढे सरकवायची.

एक युक्ती मात्र तारीखबाईची स्वतःची. पुन्हा बोलावलेल्या रुग्णांच्या फायली ती कप्प्यांत लावते: उद्या, चार दिवसांनी, पंधरवड्याने. तिने बुटाच्या खोक्यात पुठ्ठे घालून तसेच कप्पे केले आणि प्रत्येक प्रश्नाची चिठ्ठी बनवली. चुकलेला प्रश्न 'उद्या'मध्ये. बरोबर आलेला पुढच्या कप्प्यात. पुन्हा चुकला की परत 'उद्या'मध्ये दाखल. मुलीने खोकं ओढून एकेका कप्प्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "हे मामाला एकवीस वर्षांत सुचलं नाही."

एकच चिठ्ठी 'उद्या'मधून हलेना. मूळ कारणं आणि तात्कालिक कारण, यांतला फरक सांगा.

"युद्ध सोड," एका संध्याकाळी मुलगी वैतागून म्हणाली. "तुझंच घेऊ. तू शाळा का सोडलीस? दहा मार्क."

"आमचे बाबा गेले म्हणून. सगळ्या घराला माहीत आहे."

"तारीख?"

"नऊ नोव्हेंबर."

"आणि शाळेतून नाव कधी कमी झालं?"

परीक्षेच्या अर्जासाठी शाळा सोडल्याचा दाखला काढला होता. तो समोरच्याच फोल्डरमध्ये होता, पण तिला उघडायची गरज नव्हती. "बारा जून," ती म्हणाली, आणि तिने पेन खाली ठेवलं.

"त्याच वर्षीचा?"

"त्याच वर्षीचा."

"मग आजोबा गेले हे तात्कालिक कारणही होत नाही, आई," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "ते पाच महिन्यांनंतरचं आहे."

सत्तावीस वर्षं या दोन्ही तारखा तिला पाठ होत्या. दोन वेगळ्या कपाटांत ठेवलेल्या. एका टेबलावर त्या कधी आल्याच नव्हत्या. आता तिसरीही आठवली. पंधरा जून, दादाच्या कॉलेजचा पहिला दिवस. त्याच्या शर्टाला इस्त्री तिनेच केली होती. त्या सकाळी बाबा धडधाकट होते, डबा घेऊन कामावर गेले होते.

त्या संध्याकाळी घंटा लावलीच नाही.

रविवारी भाऊ आला. हातात इतिहासाचं नवं मार्गदर्शक पुस्तक होतं. त्याने चहाचा पहिला घोट घेतला आणि तिने विचारलं, "दादा, माझं नाव शाळेतून काढलं तेव्हा बाबा कामावर जात होते ना?"

"बाबा गेल्यावर काढलं."

"बाबा नोव्हेंबरमध्ये गेले. नाव जूनमध्ये कमी झालं."

त्याने चष्मा काढून पुसला. "इतक्या जुन्या गोष्टी तारखांसकट कशाला उकरायच्या?"

"मामा, तुमचाच तर विषय आहे," मुलगी म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस." मग तो बहिणीकडे न बघता बोलला. "दोघांची फी एकदम निघत नव्हती. तू घरी थांबायचंस असं आईबाबांनी ठरवलं. मला कोणी विचारलं नव्हतं."

"मलाही नव्हतं. पण कॉलेजात तू गेलास. आणि बाबा गेल्याचं निमित्त पुढे कोणी केलं?"

"लोक विचारायचे. काहीतरी सांगावं लागतं." त्याने कप खाली ठेवला. "तुझ्या लग्नात मीच उन्हातान्हात धावलो, ते नाही आठवत?"

"आठवतं. सतरा मे."

तो उठला. दारात भाचीला म्हणाला, "परीक्षा जवळ आली की माणूस चिडचिडा होतो. सांभाळून घे तिला." मार्गदर्शक टेबलावरच राहिलं. ते कोणी उघडलं नाही.

सोमवारी ती चिठ्ठी 'चार दिवसांनी'च्या कप्प्यात गेली. तिथून पंधरवड्याच्या.

पेपरात चौथा प्रश्न तोच आला, पहिलं महायुद्ध का झालं? तिने लिहिलं: राष्ट्रांचे गुप्त करार, शस्त्रांची चढाओढ, वसाहतींवरून वैर, राष्ट्राभिमानाचा अतिरेक. प्रत्येकाखाली 'म्हणून'. राजपुत्राचा खून सर्वांत शेवटी, तात्कालिक कारण म्हणून. तारखा फक्त तीन. शेवटचं वाक्य पुस्तकातलं नव्हतं: 'हे निमित्त मिळालं नसतं तर दुसरं शोधलं असतं, कारण निर्णय आधीच झालेला होता.'

एकाहत्तर गुण मिळाले. भावाने नातेवाइकांना फोन केले. आत्याकडून ते उलटून घरी आलं: "शेवटी माझ्याच वह्यांवर निघाली." मुलीने फोन उचलला, नंबर लावायला घेतला.

"ठेव तो," तारीखबाई म्हणाली.

"आई, तो खोटं सांगतोय."

"माहीत आहे. हेही आता सगळे पाठ करतील. तू कोणाकोणाची उत्तरपत्रिका मागवणार?"

बुटाचं खोकं तिने रिकामं केलं नाही. झाकण लावून पलंगाखाली ढकललं.

जागा मिळाली. एक जुलैला हेडक्लार्कने हुकूम हातात दिला. क्लार्कची वेळ साडेनऊ ते साडेपाच, टेबल वरच्या मजल्यावर, खिडकीजवळ. तिने हुकूम दोनदा वाचला आणि विचारलं, "आणि मदतनीसाची जागा?"

"रिकामी राहील. भरायची परवानगी नाही. तोवर सकाळचं तुम्हीच बघा, तुम्हाला सवय आहे."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?"

हेडक्लार्क हसला. "त्याची तारीख अजून आली नाही, बाई."

संध्याकाळी पाचला उद्याच्या तपासणीची यादी तिच्या नव्या टेबलावर आली. अठ्ठावन्न नावं. फायली सातच्या आत वर लागतात. उद्या सहा वाजून दहा मिनिटांनी रेकॉर्ड रूमचं कुलूप तीच उघडणार आहे.