पायथ्याशी बसणारे डॉक्टर

मध्य भारत राज्य मोडून मध्य प्रदेश होत होता, त्या दिवसांत डॉ. माधवराव पिंपळखरे यांची आणि माझी पहिली भेट झाली. उज्जैनच्या इस्पितळात मी नवी परिचारिका होते. त्यांनी आल्या आल्या विचारले, "सिस्टर, ऑपरेशननंतर पेशंट पाय आखडून का घेतो?"

"दुखतं म्हणून," मी म्हटले.

"नाही. कोणाला तरी बसायला जागा देतो."

मला हसू आले. ते फार दिवस टिकले नाही. मॉर्फीनचे, म्हणजे अफूचेच, इंजेक्शन दिलेले काही रुग्ण शांतपणे पाय जवळ घेत आणि पायथ्याकडे पाहून म्हणत, "बैठो, बाई." तिथे कोणी नसे. चादरीला मात्र खळगा पडलेला असे. मग त्यांचा श्वास मंदावत जाई. काही जण पुन्हा उठले नाहीत.

मॉर्फीनने श्वास मंदावतो, एवढेच डॉक्टर सहकाऱ्यांना सांगत. बाईविषयी चकार शब्द नाही. शक्य तिथे त्यांनी ते इंजेक्शन बंद केले. जखमेभोवती बधिर करणाऱ्या नोव्होकेनची सुई आणि वरून ॲस्पिरिन. सहकारी त्यांना कसाई म्हणत. वॉर्डात कण्हणे वाढले, पण कोणी पाय आखडेना.

पुढे माझ्या यजमानांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. लेकाचे कण्हणे सासूबाईंना ऐकवेना. भर दुपारी मी पाणी आणायला गेले, तेवढ्यात त्यांनी पदराच्या गाठीतली अफू लेकाच्या जिभेवर ठेवली. मी परतले तर यजमानांनी पाय जवळ घेतलेले. "बैठो, बाई." मी डॉक्टरांना हाका मारत धावले.

डॉक्टर धावत आले आणि थेट त्या खळग्यावर बसले. "घर कुठं? मास्तर कोण होते? झोपायचं नाही!" दिवेलागणीपर्यंत त्यांनी यजमानांना बोलते ठेवले. सासूबाईंना रागावले नाहीत. "आई, चहा घ्या," एवढेच म्हणाले. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गुंगी उतरल्यावर यजमान म्हणाले, "डॉक्टरसाब, तुम्ही बसलात आणि ती उठली. तुमच्याकडे बघून म्हणाली, फिर मिलेंगे."

यंदा डॉक्टरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. नुकतेच त्यांचेही ऑपरेशन झाले. मॉर्फीन त्यांनी नाकारलेच, साध्या गोळ्यांवर भागवले. मी पायथ्याशी बसले होते. ते डोळे न उघडता म्हणाले, "सिस्टर, जरा सरका. तुमच्या शेजारी दाटी होते आहे."

मी सरकले नाही.

डॉक्टरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांनी खुशाल पाय पसरून झोपावे. पायथ्याची जागा माझी आहे.